डुगडुगती फळी

लोणावळ्याजवळ धरण झालं आणि आमचं घर पाण्याखाली गेलं. मी तेव्हा मांडीवरचा. पाणी आपल्या वाडीपर्यंत येईल, असं म्हणणाऱ्यांना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वेड्यात काढलं होतं. त्यामुळे पाणी आलं तेव्हा आमच्या घरात पळापळ फार झाली. गाडीत आबांची सुतारकीची हत्यारं चढली, शेळी चढली, मीही चढलो. आईचं जातं राहिलं.

पुढं आम्ही स्टेशनामागं पत्र्याच्या खोपटात राहायला आलो. आई दळायला दुसऱ्यांच्या दारी जायची, त्यांचं दळून झालं की आपलं दळायची. पिठाची पाटी घेऊन घरात आली की आबांना विचारायची, "अवं, माझं जातं कुटं हाय?" आबा रंधा मारत राहायचे.

आबा बैलगाड्या करत. त्या गाड्यांवर मी पुण्याला शिकलो आणि बी.ए. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी शाळेची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे मी दिवसातून दोनदा सांगू शकतो. इथं एकदाच लिहितो.

निकाल लागला त्या उन्हाळ्यात धरणाच्या तळ्याकाठच्या बंगल्यातल्या एका पारशी गृहस्थांनी आबांना बोलावलं. शेडमध्ये एक शिडाची लहान होडी पालथी पडली होती. रंगाचे पोपडे निघालेले, फळ्यांच्या सांध्यांतून बोट जाईल अशा फटी. आबांनी तिच्याभोवती चक्कर मारली आणि म्हणाले, "शेट, हिला जाळा. मी नवी करून देतो."

"मिस्त्री, नवी मला मुंबईत मिळते," शेट म्हणाले. "मला हीच पाहिजे. माझ्या भावाच्या वेळी होती तशी. जशीच्या तशी."

आबांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "मजुरी ऱ्हाऊ द्या. होडी तशी झाली तर आमच्या मंडळींना तळ्यात एक चक्कर. न्हाई झाली, तर काईच नगं."

शेटना ही मजुरी स्वस्त वाटली. तळ्यात होडी घालायची मुभा बंगलेवाल्यांनाच होती, आणि जातं कुठं आहे ते आबांना आईला एकदाचं दाखवून टाकायचं होतं, हे त्यांना कुठं माहीत. आबांनी मात्र घरी येऊन आईला कबूल करून टाकलं. आता माघार घेतली असती तर उरलेलं आयुष्य खोपटात काढणं कठीण होतं.

नोकरीवर रुजू व्हायला मला अवकाश होता, म्हणून मीही कामाला लागलो. काचेच्या तुकड्यांनी जुना रंग खरवडला. दोनच फळ्या कुजल्या होत्या. त्यांच्या जागी आबांनी एका पाडलेल्या बंगल्याच्या दाराचं जुनं सागवान बसवलं, म्हणजे वय जुळलं. फटींत तेलात भिजवलेला कापूस आणि राळ ठासली, बुडाला डांबर फासलं. गावातले लोक बघायला यायचे. एक जण म्हणाला, "आबा, पोरगं बी.ए. झालं न्हवं? मग डांबर का फासतंय?"

"बी.ए.चंच हाय ते," आबा म्हणाले. "फासायला शिकवत्यात तितं."

होडी उभी राहिली. शेट आले, सगळीकडून हात फिरवला, मधल्या फळीवर बसले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मिस्त्री, ही फळी डुगडुगत होती."

"व्हय. म्या पक्की केली."

"माझा भाऊ इथे बसून मला मुद्दाम डुगडुगवायचा. डुगडुगत नाही तर ही ती होडी नाही."

आबांनी जन्मात मुद्दाम वाकडं काम केलं नव्हतं. त्यांनी खालचा ठोकळा जरा तासला, फळी हलेना. आणखी तासला, फळी एवढी कलली की शेट बसल्याबसल्या घसरले. नवा ठोकळा बसवला, तर तो इतका नीट बसला की आबांना स्वतःचाच राग आला. "बिघडवायलाबी हात लागतो रं," ते मला म्हणाले. मी, बी.ए., ढलप्या गोळा करत राहिलो.

आई भाकरी घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अवं, आपल्या घरचं काम समजून करा की."

आबांनी वर पाहिलं.

"लगीन झाल्यावर मला पाट करून दिलाय, तो अजून डुगडुगतोय. तसंच करा."

आबांनी भाकरी खाल्ली. मग तोंडातला घास गिळता गिळता, ठोकळ्याकडं धड न बघता चार घाव घातले आणि हात झटकले. शेट बसले. फळी टक-टक, टक-टक वाजली. शेट नुसते डुलत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या मंडळींना उद्या घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सुकाणू शेटकडं, मधल्या फळीवर आई, पुढं आबा आणि मी. वारा बरा होता. आबा डोंगराची सोंड आणि काठावरचा पिंपळ बघून रस्ता सांगत होते.

"हितंच थांबवा," आई म्हणाली.

"घर आजून म्होरं हाय."

"म्होरं गोठा हाय."

शेटनी शीड उतरवलं. आईनं पदराची गाठ सोडली, मूठभर नाचणी काढून पाण्यात टाकली आणि आबांकडं वळली.

"दाणं घातल्यात. दळायला आता तुमी उतरा."

आबा हसायला लागले तशी आईखालची फळी टकटकायला लागली, आणि शेटही हसायला लागले.

होडीत दोन फळ्या बदलल्या. बाकी सगळी होती तशीच राहिली. आई आपल्या घरी जाऊन आली, आणि त्यानंतर तिनं आबांना जात्याचं कधी विचारलं नाही.