मागचं डावं चाक

आमच्या अंगणात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक बदामाचा पाला आणि दुसरे गाडीचे किस्से. पाला मी रोज झाडून काढते. किस्से मात्र झाडावेत तेवढे वाढतात, कारण आमचे हे घरीच गाडी उघडतात!

हे फौजेत अठरा वर्षं गाड्यांच्या दुरुस्तीवर होते. निवृत्त झाले हवालदार म्हणून, पण पलूसमध्ये घरी आलेला प्रत्येक फौजी मेजरच असतो. आमची पांढरी गाडी चौदा वर्षांची. तिला ह्यांच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही.

आता सांगते ते सगळं एकाच आठवड्यातलं. आमची लेक स्वाती म्हसवडला दिलेली. पहिलं बाळंतपण, सातवा महिना संपत आलेला. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, म्हणाल्या, "आठव्यात पोरीला गाडीत घालायचं न्हाई. बेस्तरवारी जाऊन आणा." गुरुवार ठरला. आणि रविवारी गाडी चाळीसच्या पुढं गेली की मागून 'घूंऽऽ' असा आवाज यायला लागला.

"चाकाचं बेअरिंग गेलं," हे म्हणाले.

"मग गॅरेजला टाका."

"गॅरेजला? मी फौजेचे ट्रक उघडलेत!"

शेजारचे तानाजीभावजी कुंपणावरून ऐकत होते. म्हणाले, "मेजर, फौजेत एक गाडी बंद पडली तर मागं दुसरी असती. तुमच्या मागं वहिनी हायत!"

* * *

कुठल्या चाकाचं बेअरिंग, हा पहिला प्रश्न. ह्यांनी मला आणि आत्याबाईंना मागच्या सीटवर बसवलं आणि पलूसबाहेरच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. "नीट ऐका. आवाज कुठल्या बाजूनं येतो?"

मी म्हटलं, "डावीकडनं."

आत्याबाई ठासून म्हणाल्या, "उजवीकडनं! मी काय भैरी हाय व्हय?"

आईचा शब्द. सोमवारी उजवं चाक उघडलं. ड्रम काढला, बेअरिंग बाहेर काढलं, पुसलं, फिरवून बघितलं. एकदम ठणठणीत! पुन्हा बसवेपर्यंत अख्खा दिवस गेला. गुरुवार तीन दिवसांवर.

संध्याकाळी चहाची कपबशी घेऊन मी आत्याबाईंच्या डाव्या बाजूला उभी राहिले. तीन हाका मारल्या. ओ नाही. मग लक्षात आलं. त्यांचा डावा कान गेल्या वर्षापासूनच गेलाय. त्यांना जगातलं सगळंच उजवीकडून ऐकू येतं!

ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "रिपोर्ट एक दिवस उशिरा आला."

* * *

मंगळवारी डावं चाक उघडलं. ते बेअरिंग हातात फिरवलं तरी खडखडत होतं. ते कागदात गुंडाळून आम्ही दोघं एसटीनं सांगलीला गेलो. स्पेअर पार्टच्या दुकानाचे मालक अण्णा म्हणजे जैन माणूस, अतिशय शांत. पोचायला आम्हाला उशीर झाला. अण्णा शटर अर्धं ओढून निघालेले.

मी कळवळून म्हटलं, "अण्णा, फक्त एक बेअरिंग! लेकीला आणायचंय!"

"आणा की. पण सूर्य बुडायच्या आत जेवतो आम्ही. चला, तुम्ही पण चला."

"आवं, पण बेअरिंग..."

"वहिनी, बेअरिंग पळत न्हाई. सूर्य पळतो!"

दुकानामागंच त्यांचं घर. ताटावर बसले, पण घास हातातच. माझी नजर सारखी दाराकडं. अण्णांच्या मंडळी वाढता वाढता विचारतात, "भाजी आवडली न्हाई का?" मी म्हटलं, "आवडली हो, पण गाडी जॅकवर आहे!"

जेवण झाल्यावर अण्णांनी चष्मा लावला, जुनं बेअरिंग कानाशी धरून फिरवलं आणि म्हणाले, "हे लय दिवस वरडतंय. तुमी आत्ता ऐकलं." मग एका मिनिटात नवीन काढून दिलं.

* * *

ह्यांची कामाची रीत फौजेची. अंगणात पांढरी चादर अंथरायची आणि सुटलेला प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर ओळीनं मांडायचा. बुधवारी सकाळी सगळ्याच्या मधोमध नवीन बेअरिंग ठेवलं. ग्रीस भरून तयार. हे हात धुवायला मोरीवर गेले.

आले, बेअरिंग उचललं, सहज फिरवलं. कर्रर्र!

ह्यांनी ते कानाशी धरलं. "नवीन माल खराब?"

जवळ जाऊन बघितलं तर ग्रीसमध्ये तांदूळ! आत्याबाईंनी ताम्हन आणून नवीन वस्तूला हळद-कुंकू वाहिलं होतं. वर मूठभर अक्षता. गोळ्यांच्या फटीफटीत दाणे अडकलेले.

"आई! ह्याला अक्षता न्हाई, ग्रीस लागतं!"

"मग चादरीवर नवरदेवासारखं बसवलंस कशाला रं?"

दोन तास हे डिझेलच्या वाटीत बेअरिंग धूत होते आणि मी पिनेनं तांदूळ काढत होते. एक एक दाणा मोजावा तसा. हे म्हणाले, "एक जरी राहिला तरी चाक वाटेत जाम होईल." मग मी पुन्हा पहिल्या फटीपासून सुरुवात केली.

* * *

दुपारी चाक बसलं. ट्रायल घ्यायला हे, मी आणि तानाजीभावजी निघालो. गाडी चाळीसला गेली, पन्नासला गेली. हे खूश. भावजी म्हणाले, "लोण्यासारखी पळती!"

मी म्हटलं, "आवाज येतोय."

"न्हाई वहिनी."

"येतोय. घूंऽऽ येतोय. मला लेक आणायचीय, मला खोटं सांगू नका!"

ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. आवाज चालूच!

भावजींनी काच खाली केली आणि बोट दाखवलं. रस्त्यापलीकडं पिठाची गिरणी.

* * *

गुरुवारी निघालो. बोलून कुणी दाखवलं नाही, पण ह्यांच्या मनातही धाकधूक होतीच. बेअरिंग नीट बसलं नसेल तर चाकाचा मध्य तापतो म्हणे. म्हणून विट्याला गाडी थांबवली, उतरले, वाकून चाकाच्या मधोमध तळहात ठेवला. मायणीला पुन्हा तेच. मला नुसतं, "ठीक आहे," म्हणायचे. मी विचारायचे, "गरम नाही ना?" तर म्हणायचे, "तू बस."

म्हसवडला पोचलो. दारात व्याही, त्यांचे दोन भाऊ, विहीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. "या, या!" होईपर्यंत हे गाडीतून उडी मारून थेट मागच्या डाव्या चाकाशी. वाकले, तळहात ठेवला, डोळे मिटले, क्षणभर तसेच थांबले.

आम्ही सगळे बघत राहिलो. मग व्याह्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, पुढं आले, वाकून चाकाला हात लावला आणि कपाळाला नेला. त्यांच्यामागून थोरला भाऊ. मग धाकटा. विहीणबाईंनी तांब्या खाली ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि हळूच मला म्हणाल्या, "पलूसकडची रीत असंल. आमाला आदी सांगायचं की!" आणि त्यांनीही चाकाला हात लावला.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं.

तेवढ्यात स्वाती बाहेर आली. तिला आम्ही यातलं काहीच कळवलं नव्हतं, उगीच घोर नको म्हणून. तिनं सगळ्यांकडं बघितलं, बापाच्या काळ्या नखांकडं बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून सावकाश खाली बसली.

"अगं, वाकू नकोस!" विहीणबाई ओरडल्या. "तुला माफ हाय!"

स्वातीनं तळहात चाकाच्या मधोमध ठेवला. कपाळाला नेला नाही. तसाच ठेवून राहिली, थोडा वेळ. मग वर बघून म्हणाली,

"गार हाय, बाबा. चला."