हिरव्या मखमलीवरचे बिल्ले

हल्ली जुने बिल्ले जमवणारे लोक आहेत म्हणे. परवा नातवाचा एक मित्र घरी आला. बरोबर काचेच्या झाकणाची पेटी होती आणि आत कापसावर एकेक बिल्ला तान्ह्या बाळासारखा निजवला होता. "आजी, तुमच्या लहानपणी हे थेटराबाहेर मिळायचे ना? तुमच्याकडे एखादा राहिलाय का?" मी नाही म्हटलं. "एकही नाही?" त्यानं पुन्हा विचारलं. मी जरा तोडूनच बोलले असणार, कारण तो अर्धा चहा टाकून उठला. पोरगा गुणाचा आहे, त्याची काही चूक नव्हती. पण ती पेटी मला बघवेना.

पन्नासच्या आगेमागे मुंबईच्या उपनगरात बिल्ल्यांचा सुळसुळाट होता. पुढे चकचकीत चेहरा, मागे टाचणी. कागदावर छापलेला फोटो, त्यावर सेल्युलॉइडचा पातळ पापुद्रा, आणि सगळं एका पत्र्याच्या चकतीवर दाबून बसवलेलं. पंधरा ऑगस्टला झेंड्याचे बिल्ले यायचे. निवडणूक आली की बैलजोडी आणि झोपडी. सप्टेंबरात वांद्र्याच्या जत्रेतून मतमाउलीचे, ख्रिस्ती लोकांच्या देवीचे. पण खरा मान नट-नट्यांच्या बिल्ल्यांना. थेटराच्या दारात एक माणूस छत्री उलटी धरून उभा असायचा आणि छत्रीच्या आतल्या कापडाला सगळा सिनेमा टोचलेला असायचा. मोठी माणसं त्याला थिल्लरपणा म्हणायची आणि स्वतः मात्र पुढाऱ्यांचे बिल्ले छातीवर लावून फिरायची.

आम्ही अंधेरीला, मरोळच्या रस्त्यालगत एका बैठ्या चाळीत राहायचो. पुढे अंगण, सामाईक विहीर आणि त्यापलीकडे भातखाचरं. बाबा कोकणातून आले ते गिरणीत जायला, पण हातात सुतारकाम होतं म्हणून स्टुडिओत लागले. राजवाडा, तुरुंग, शेठजींचा जिना, असलं सगळं ते फळ्या आणि कापडातून उभं करायचे आणि काम संपलं की स्वतःच मोडून टाकायचे. एखादा सिनेमा रौप्यमहोत्सवापर्यंत पोचला की निर्माता कामगारांना पेढे वाटायचा, आणि पेढ्यांबरोबर नायक-नायिकेचा बिल्ला. पेढे माझे, बिल्ला ताईचा, अशी आमची वाटणी होती. मी लहान होते आणि खादाड होते, त्यामुळे मला ती फायद्याची वाटायची.

ताई माझ्याहून बरीच मोठी, साडी नेसायला लागलेली. बाबांनी एका मोडलेल्या दरबाराच्या पडद्याचा हिरवा मखमली तुकडा तिला आणून दिला होता. तो दाराच्या मागं खिळ्याला टांगलेला असायचा आणि त्यावर तिचे बिल्ले. वरच्या ओळीत पुढारी, कारण ते वर नसले तर आई रागावायची. त्याखाली मतमाउली आणि गणपती शेजारी शेजारी. आणि मग खाली तिचं खरं राज्य. कुठल्या नटाशेजारी कुठली नटी बसवायची हे ताई ठरवायची. बाबा स्टुडिओतून काहीबाही ऐकून यायचे, जेवताना पुटपुटायचे, आणि दुसऱ्या दिवशी मखमलीवर कुणाचं तरी घर मोडलेलं असायचं. ज्या नटीचं मन दुखावलं गेलं असेल तिला ताई काही दिवस एकटीला, कोपऱ्यात, मोकळी जागा देऊन ठेवायची. "तिला जरा शांत राहू दे गं," म्हणायची. टाचण्या काढून घालून त्या मखमलीची चाळण झाली होती. मला वाटतं, या शहरातल्या सिनेमाचा इतका खरा इतिहास नंतर कुणी लिहिला नाही.

मग ताईला ताप यायला लागला. संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा. ती वाळत चालली. एक दिवस खोकताना तिनं तोंडाला पदर लावला आणि तो पटकन मुठीत दडवला. आईनं मूठ उघडली. त्या काळी त्या रोगाचं नाव घरात कुणी घेत नसे, लग्नाच्या पोरीला झाला तर नाहीच नाही. बाबांनी स्टुडिओतल्या कुणाकुणाच्या हातापाया पडून घाटावरच्या एका सॅनेटोरियममध्ये खाट मिळवली. नवी इंजेक्शनं निघाली होती, त्यानं माणसं उठून बसतात असं डॉक्टर म्हणाले. ताई गेली तेव्हा मखमल घेऊन जायला निघाली होती. तिथं भिंतीवर काही लावू देत नाहीत, असं तिला सांगितलं गेलं. "मग कुणी हलवू नका," ती मला म्हणाली. "मी येऊन बघते कोण कुणाशेजारी ते."

लहान मुलांना तिथं आत सोडत नसत, म्हणून मी गेले नाही, आणि माझ्यासाठी आई गेली नाही. बाबाच अधूनमधून जाऊन यायचे. परत आले की म्हणायचे, "बरी आसा." याच्यापलीकडे त्यांना काही सांगता यायचं नाही.

वर्ष होत आलं असेल, आणि मला खोकला झाला. साधा, पोरांना होतो तसला, आवळे खाऊन झालेला. पण आईनं तो रात्रभर ऐकला. सकाळी बाबा कामावर गेल्यावर तिनं ताईची वळकटी काढली, साड्या काढल्या, फणी, रिबिनी, आणि दारामागची मखमल ओढून काढली. डॉक्टरांनी सामान जाळायला सांगितलं होतंच, ताई सॅनेटोरियममध्ये गेली त्या दिवशीच. तेव्हा आईच्यानं झालं नव्हतं. आता अंगणात तिनं सगळ्याचा ढीग केला आणि रॉकेल ओतलं. मी मखमलीचं टोक धरून ओढत होते. तिनं माझ्या हातावर इतक्या जोरात मारलं की मी बसलेच. सेल्युलॉइड किती भडकन पेटतं हे तोवर मला ठाऊक नव्हतं. एकेक बिल्ला सुस् करून उडायचा. पुढारी, देव, नट-नट्या, सगळे एका झटक्यात गेले, आणि राखेत काळ्या चकत्या आणि टाचण्या उरल्या.

इथवर मी आईला समजू शकते. तिला दोन पोरी होत्या आणि एक तिच्या हातात होती. पण त्यानंतर तिनं जे केलं ते मला आजही गिळता येत नाही. ती विहिरीवर गेली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. मग मला ओढत नेऊन माझ्या डोक्यावर कळशी ओतली. ओलेत्यानंच दोघी घरात आलो. चूल विझलेली होती, ती तिनं पेटवली नाही. भिंतीला टेकून बसली.

आमच्यात हे कधी करतात, हे चाळीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. समोरच्या गावठाणातली मावशी विहिरीवर भाजी धुवायला आली होती. ख्रिस्ती बाई, मरोळची मूळची, कमरेला घट्ट लुगडं आणि मनानं लोणी. तिनं आग बघितली, आंघोळ बघितली, आणि भाजी तिथंच टाकून रडत चाळभर गेली. दुपारपर्यंत अंगण भरलं. कुणी भात आणला, कुणी पिठलं. मावशी गुडघ्यावर बसून माळ जपत होती. आई कुणाशी बोलत नव्हती, तिनं होही म्हटलं नाही आणि नाहीही. मी काय सांगणार होते? इतकी माणसं रडतायत म्हणजे ताई गेलीच असणार, असं मलाच वाटायला लागलं होतं, आणि मी सगळ्यांत मोठ्यानं रडत होते.

बाबा संध्याकाळी आले. वळणावरून त्यांना अंगणातली माणसं दिसली, आईचे मोकळे केस दिसले, आणि ते रस्त्यातच बसले. हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन, "गेला? माझा चेडू गेला?" एवढंच विचारत होते. तेव्हा कुठं आईला शुद्ध आली. धावत जाऊन तिनं त्यांचा हात धरला. "नाय हो, जिता आसा ता. ह्या धाकट्याक खोकलो लागलो, म्हणान सामान जाळलंय."

आधी कुणाला कळेना, मग एक म्हातारा हसला आणि मग सगळेच हसले. आणलेला भात तिथंच बसून सगळ्यांनी खाल्ला. बाबा हसले नाहीत. ते राखेपाशी गेले आणि टाचण्या वेचत बसले, पोरांच्या पायात जातील म्हणून. नंतर आम्हा दोघींना समोर घेऊन म्हणाले, ताईला यातलं काही कळता कामा नये. जाळल्याचंही सांगायचं नाही, उंदरांनी खाल्लं म्हणायचं. माझा खोकला तोवर थांबलासुद्धा होता.

आणि ताई बरी झाली. खरंच बरी झाली, गाल भरलेले, केस थोडे विरळ. बाबा तिला घेऊन आले तेव्हा आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिच्या गळ्यात पडली. आईचं ते रडणं खरं होतं, यात मला शंका नाही. ताईनं दारामागं बघितलं. मी उंदरांचं सांगितलं. "मखमल खाल्ली असेल," ती म्हणाली, "पत्रा कसा खाल्ला?" पण हसली, आणि विषय सोडला.

आमच्या लोकांत म्हणतात, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. मावशीचाही यावर विश्वास होता. दुसऱ्या दिवशी ती ताईसाठी अंडी घेऊन आली, तिची मान कुरवाळली आणि कौतुकानं सगळं सांगून टाकलं. "शंभर वर्सं जगशील बाय तू. तुजी आई त्या दिवशी तुजं सामान जाळून विहिरीवर न्हाली, ओली घरात गेली, चूल नाय पेटवली. आम्ही किती रडलो. तुजं आयुष्य वाढलं बघ." त्या बाईनं आशीर्वाद दिला होता. अंडी ठेवून ती हसत निघून गेली.

ताई बराच वेळ अंडी पाटीतून टोपलीत ठेवत राहिली. मग म्हणाली, "आई, बिल्ले जाळलेस ते बरं केलंस. हिला जपायचं होतं. पण डोक्यावरून पाणी कशाला घेतलंस?"

आई निवडत होती ते तांदूळ तसेच राहिले. "जाळल्यार न्हातत," ती म्हणाली. "म्हणान न्हालंय. माका दुसरा काय म्हायत?"

"मी तिथं रोज रात्री झोपताना म्हणायचे, घरी माझी वाट बघतायत," ताई म्हणाली. "शेजारच्या खाटेवरची गेली, समोरची गेली, तरी मी म्हणायचे."

याच्यावर आई काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते. खोटं तरी बोलायचं होतंस गं, असं मी तिला मनातल्या मनात पुढं किती वर्षं म्हणत आले.

बाबांनी त्यांच्या परीनं केलं. स्टुडिओतल्या पोरांकडून मागून आणलेले मूठभर नवे बिल्ले त्यांनी ताईपुढं ठेवले. तिनं एकेक उचलून उजेडात धरला. मधल्या काळात सिनेमात नवी माणसं आली होती. "ही कोण बाबा? आणि हा?" बाबा सांगत होते, ती मान हलवत होती. मग तिनं ते सगळे माझ्या ओंजळीत घातले. "तूच लाव. मला आता यांच्यातलं काही माहीत नाही."

ती थोडे महिने राहिली. स्वतःचं ताट-भांडं तिनं आपणहून वेगळं ठेवलं, मला जवळ निजू दिलं नाही. भांडण नाही, अबोला नाही. पाहुणी राहते तशी नीट राहिली. मग म्हणाली, सॅनेटोरियममध्ये बायकांच्या वॉर्डात मदतीला बायका हव्या असतात, आजार होऊन गेलेल्यांना घेतात, मी विचारून ठेवलंय. बाबा म्हणाले, लग्नाचं बघू या. ती म्हणाली, "त्यांना काय सांगणार?"

निघायच्या सकाळी आईनं तिची ट्रंक भरली, हातावर दही दिलं. ताई तिच्या पाया पडली. आमच्याकडे निघताना कुणी जाते म्हणत नाही, येते म्हणतात. बाबा ट्रंक घेऊन अंगणात उतरले तरी ताई उंबऱ्याशी गप्प उभी.

"येतंय म्हण गो," आई म्हणाली.

ताईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, खूप मायेनं धरला, आणि काही न म्हणता पायऱ्या उतरली. आई दाराच्या चौकटीला धरून तेच पुन्हा पुन्हा म्हणत होती, येतंय म्हण, नुसता म्हण तरी, आणि ताई बाबांच्या मागून मरोळच्या रस्त्याला लागली होती.