खरेदीखतावरचे एकेचाळीस गेम

आप्पांचा मला अजून राग येतो. ते माझे चुलत सासरे. केंदुरातलं वजनदार माणूस, सोसायटीचे माजी चेअरमन, आणि आमच्या झेंडूला पाणी येतं ते त्यांच्या विहिरीतून. एवढं सांगितलं की पुढचं निम्मं कळावं.

त्यांच्या मुलानं यवतला हायवेवर गाळा घेऊन गेम खेळायचं दुकान टाकलं. चार कॉम्प्युटर, लाल-निळे दिवे, आणि गेम एकही नाही. वहिनीकडे, म्हणजे माझ्याकडे, एकेचाळीस गेम आहेत, सगळे ऑनलाइन विकत घेतलेले, असं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं. झालं, आप्पा आमच्या दारात.

मी परोपरीनं सांगितलं. हे विकता येत नाही, सीडी नाही, डबा नाही. माझ्या नावाचं एक खातं आहे, त्यात हे गेम आहेत, आणि कंपनी मला ते फक्त खेळू देते. मी त्यांना गंडवतेय अशा नजरेनं ते बघत राहिले.

"पैसं मोजून घेतलं ना? मंग इकता येत न्हाई ती वस्तू कसली?"

प्रश्न बरोबर होता, हे मला आजही कबूल करावं लागतं, आणि त्याचाच जास्त संताप होतो. नवरा दोन दिवस पाण्याच्या पाळीशिवाय दुसरं काही बोलला नाही. त्याची भीती खोटी नव्हती, झेंडू कळीवर होता.

मला चाळीस गेमांचं काही वाटत नव्हतं. जीव अडकला होता तो एकात. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढले, वडील पॉइंट्समन होते, यार्डात रुळांचे सांधे बदलायचे. रिटायर झाल्यावर घरात त्यांना करमेना, म्हणून मी त्यांना शेजारी स्टूल देऊन बसवलं आणि रेल्वे उभारायच्या गेममध्ये आम्ही दोघांनी दौंडचं यार्ड घातलं. तीन वर्षं लागली. माउसला त्यांनी कधी हात लावला नाही, स्क्रीनवर बोट ठेवून सांगायचे, "इथं सांधा नको, मालगाडी अडकंल." ते गेल्यावर दर रविवारी मी ते यार्ड उघडायचे, एक मालगाडी सोडायचे आणि बंद करायचे. वडिलांचं माझ्याकडे तेवढंच होतं.

म्हणून दोन अटी घालून मी खात्याचा पासवर्ड विकायला तयार झाले. त्या एका गेमला हात लावायचा नाही, आणि कंपनीला काही कळवायचं नाही, कळलं तर सगळंच बंद होईल. आप्पा "व्हय व्हय" म्हणाले.

पण आप्पांनी जन्मात स्टॅम्पशिवाय काही घेतलेलं नाही. शिरूरला तहसीलबाहेर बसणाऱ्या लेखनिकाकडं जमिनीचाच नमुना तयार होता. त्यानं गेमांची नावं अनुक्रमांकानं घातली, खाली चतुःसीमा तशीच राहिली, पूर्वेस कोरं, पश्चिमेस कोरं. 'आजरोजी कब्जा दिला.' मला हसू आवरेना. हसत हसत मी सही केली, मूर्खासारखी, एकेचाळिसावं नाव कुठलं हे न वाचता.

खरेदी झाली म्हणजे नाव लागलं पाहिजे. सातबाऱ्यावर लागतं तसं इथंही. आप्पांनी मुलाला तो स्टॅम्प स्कॅन करून कंपनीला पाठवायला लावला, सोबत अर्ज, की सदर गेमांवर खरेदीदाराचं नाव लावून मिळावं. मला विचारलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी कंपनीचा मेल मला आला. खातं विकायला मनाई आहे, विक्रीचा पुरावा मिळाला आहे, खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. मी हातापाया पडल्यासारखे मेल लिहिले. निदान तो एक गेम तरी सोडा म्हटलं. मग म्हटलं, तोच नव्यानं विकत घेते. घेतलाही. नव्या खात्यात जुनं यार्ड उघडत नाही. फाईल अजून माझ्या कॉम्प्युटरवर आहे. तिला जुनंच खातं लागतं.

आठवड्यानं आप्पा आले, व्यवहार मोडला म्हणून पैसे परत मागायला. स्टॅम्प प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. त्यांच्या तोंडावर खेदाचा मागमूस नव्हता, उलट मीच त्यांना फसवलेलं. मी पैसे त्यांच्या हातात दिले.

"आप्पा, तुमचं तुम्हाला मिळालं. माझ्या वडिलांचं दौंडातलं यार्ड तुम्ही घालवलंत. ते मला कोण देणार?"

आप्पांनी पैसे खिशात घातले, खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्यांदाच माझं बोलणं मन लावून ऐकलं.

"दौंडात? किती गुंठं हाय? आन् नाव कुणाचं लागलंय?"

मी आत निघून गेले. त्या दिवशी त्यांना चहा केला नाही, आणि अजूनही करत नाही.