हडप्पातला नारळ

मंडळी, आज सहावीच्या वर्गात माझीच शिकवणी झाली!

आमची शाळा मुळशी धरणाजवळ. हडप्पा संस्कृती शिकवून झाल्यावर मुलांना म्हटलं, तुम्ही त्या काळात नदीकाठी राहताय असं समजा आणि एका दिवसाची रोजनिशी लिहा. बहुतेकांनी भाजलेल्या विटा, झाकलेली गटारं असं पुस्तकातलंच उतरवलं.

सानिकानं मात्र गाव सोडायचा दिवस लिहिला. "नदीचं पाणी घरात शिरलं. आईनं बियाणं बांधून घेतलं. आजोबा म्हणाले, पाणी उतरलं की देवाला नारळ द्यायला यायचं."

मी लाल पेन उचललं. "अगं, हडप्पात नारळ कुठून आला?"

"बाई, आमचं जुनं गाव धरणाखाली हाय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमी तितल्या देवाला नारळ द्यायला जातो. त्यांचं बी गाव गेलं, मग ती न्हाई व्हय येणार?"

फळ्यावर मीच लिहिलं होतं, 'संस्कृती नष्ट झाली.' ते पुसलं आणि तिलाच विचारलं, आता काय लिहू?

"माणसं दुसरीकडं ऱ्हायला गेली."

लई भारी पोरगी!

खरं सांगा, तुम्ही तो नारळ खोडला असता का?