मागचा आवाज काढण्याचं पान

बायको गेल्यावर तिचं एक काम माझ्याकडं आलं. ध्वनिमुद्रण साफ करण्याचा एक प्रोग्राम आहे. ठिकठिकाणचे हौशी लोक तो मिळून बनवतात आणि फुकट देतात. तो कसा वापरायचा, हे सांगणारी मराठी पानं विकीवर आहेत. तिथं कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, अशी रीत. ती पानं बायको लिहून तिथं लावायची, मी भाषा तपासायचो. पुढं लावणंही मीच करू लागलो. संध्याकाळी दुसरं काही नसायचं.

मागचा आवाज कसा काढायचा, हे पान तिचं. पहिली सूचना होती : टँकर गेल्यावर रेकॉर्डिंग सुरू करा. कोकणातल्या कुणीतरी विचारलं होतं, "टँकर कोणत्या मेनूत आहे?" ती खूप हसली. "यांच्याकडं टँकर येत नाही. काय नशीब!"

सरावासाठी तिनं स्वतःच्या आवाजाची एक फाईल ठेवली होती. शहराच्या कडेला, देवळाईकडं आम्ही नवे राहायला आलो, तेव्हाच्या कोरड्या उन्हाळ्यातली. टँकरची मोटर घरघरतेय, ती बोलतेय. मध्येच खालून शेजारीण ओरडते, "अवो वहिनी, कुनाशी बोलायलाव एकल्याच? पाइप धरा की!"

"आले! तोवर ह्यांच्याकडं द्या."

"त्यांच्याकडं? मग पानी रस्त्यालाच!"

यंदा प्रोग्रामची नवी आवृत्ती आली, सगळी बटणं हलली. मी एकेक पान नव्यानं लिहीत गेलो, तिचं हे पान मागं ठेवत गेलो. पानं तपासणारा एक विद्यार्थी आहे, नागपूरचा. त्याला मी कधी पाहिलेलं नाही. त्यानं लिहिलं, "सर, एवढंच राहिलं. जुनी फाईल काढू? त्यात मध्येच दुसरं कुणी बोलतं."

"मी काढतो," असं मी कळवलं.

तिच्या जागी नवी फाईल करायला क्रांती चौकातून आणलेला तिचाच माइक घेऊन बसलो. खिडकीला खेटून आता समोरची इमारत उभी आहे, त्यामुळं खिडकी बंदच असते. काय बोलावं सुचेना. शेवटी पानावरच्या सूचनाच वाचल्या. माझी फाईल चढवली, तिची काढली. त्या दिवशी जेवण केलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. "आवाज छान आहे, सर. पण हिच्यात काढण्यासारखं काहीच नाही. पंखासुद्धा नाही. घरात कुणी नसतं का?"

मी लिहिलं, "नसतं."

त्यानं लिहिलं, "मग जुनीच ठेवा ना. मोटर आहे तिच्यात. शिकायला बरी."

मी परत ठेवली. शिकणारे त्या फाईलवर हात बसवतात. मोटर निघून जाते. शेजारीण निघत नाही, काही केलं तरी. असं मला ते कळवतात, आणि मी त्यांना लिहितो की असू द्या. मी स्वतः ती फाईल अजून साफ करून ऐकलेली नाही.