तक्रारही माझी, खुलासाही माझाच

अर्जदार: प्रस्तुत लेखक, वय पन्नाशीच्या किंचित अलीकडे, शिक्षण आठवी पास व नववीत वर्गशिक्षकांशी तात्त्विक मतभेद, व्यवसाय अर्ज लिहिणे, बैठक पौड येथे तहसील कचेरीच्या कुंपणाबाहेर. विरुद्ध पक्ष: आमच्या मंडळीचे पाळकसाहेब. घटनेचे ठिकाण: आमचे पत्र्याच्या छपराचे प्रार्थनामंदिर. घटनेचा दिनांक: एकच नसून गेल्या दोनेक वर्षांतील बहुतेक सर्व रविवार. साक्षीदार: बाकांवर बसणारी मंडळी, त्यांतून उपदेशाच्या वेळी डोळे मिटून प्रार्थना करीत असल्याचे भासविणारे वगळल्यास जेमतेम सहा जण. नावे कोणाचीच देत नाही. माझ्या धंद्यात नाव लिहिले की माणूस हजर करावा लागतो, आणि या प्रकरणातील सर्व माणसे दर रविवारी माझ्याच शेजारी बसतात.

वस्तुस्थिती अशी की, आमचे पाळकसाहेब मनुष्य म्हणून उत्तम आहेत. आजाऱ्याच्या घरी ते सर्वांच्या आधी पोहोचतात, लग्नात शेवटच्या पंगतीला बसतात, आणि कोणाची मोटारसायकल बंद पडली तर कोट काढून स्वतः ढकलतात. परंतु उपदेशाला उभे राहिले की त्यांचे काहीतरी होते. प्रथम सूचना. नव्या फरशीविषयी, ध्वनिक्षेपकाविषयी, चपला रांगेत ठेवण्याविषयी. त्यानंतर प्रेम करा, प्रार्थना करा, वेळेवर या. मेंढपाळ व हरवलेले मेंढरू यांवरील उपदेश तर आम्ही इतक्या वेळा ऐकला की आता मेंढरू हरवताच मागच्या बाकावरील लोक चपला शोधू लागतात. सर्व दस्तऐवज जपून ठेवण्याची मला सवय असल्याने मी एका वहीत उपदेशांची आवक नोंदवीत असे: विषय, मिनिटे व शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘मागीलप्रमाणे’ असे आढळून येईल.

कळस झाला तो पावसाळ्याच्या एका रविवारी. साहेब मोबाइलवरून उपदेश वाचीत होते. आवाज भरून आला होता, हात उंचावलेला होता, आणि त्याच भरात त्यांनी वाचले, “आणि म्हणून प्रियजनहो, अधिक वाचण्यासाठी येथे दाबा.” मंडळीतून दोन जण “आमेन” म्हणाले. त्यांत एक मी होतो, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

आता ज्या व्यक्तीमुळे हे प्रकरण हसण्यावारी नेता आले नाही, तिच्याविषयी. रिह्याहून एक मावशी उपासनेला येतात. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले. दोन गाड्या बदलून यायचे, दुसऱ्या गाडीत सीट मिळाली तर बसायचे, नाहीतर दांड्याला धरून उभे राहायचे. त्या उपदेशाच्या वेळी कधीही झोपत नाहीत. पुढे वाकून, तोंडाकडे पाहत, कोणीतरी वाढायला येईल अशा बेताने बसतात. मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते तेव्हा भाकरीचे ताट हाती आले की त्या ते तसेच पुढे सरकवतात. हे मी कित्येक महिने पाहत होतो. पाहिलेले विचारल्यावाचून राहणे माझ्या स्वभावात नाही, परंतु त्यांच्यापुढे माझी जीभ कधी रेटली नाही.

अखेर एका सोमवारी त्या स्वतःच माझ्या टेबलापुढे येऊन बसल्या. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज असेल असे समजून मी कागद ओढला.

“त्यो कागद ठेव भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या. “मला एक इचारायचंय. तू लिव्हतोस, तुला ठावं असंल.”

हकिकत अशी निघाली. मावशींची धाकटी बहीण माले गावी दिली आहे. आई शेवटच्या आजारात अंथरुणावर होती तेव्हा ही बहीण आली नाही. रिहे ते माले अंतर ते केवढेसे. पुढे एका लग्नात दोघी समोरासमोर आल्या, बहीण पाया पडली, आणि मावशी चारचौघांत म्हणाल्या की झालं गेलं, मी मनात काही ठेवलं नाही.

“तोंडानं म्हनले रं. पर मनातनं जात न्हाई. चुलीपुढं बसले की येतंय, भात लावताना येतंय. मग ती माफी झाली का न्हाई? झाली नसंल तर मनात अढी ठिवून म्या ती भाकर कशी खाऊ? दोन वर्सं झाली, कान लावून बसते, आज सांगंल, उद्या सांगंल. त्यो चपला सांगतोय.”

मी कागदपत्रांच्या आधारे काही उत्तर देता येते का ते पाहिले.  मावशी उठता उठता म्हणाल्या की येत्या प्रभुभोजनापर्यंत त्या येतील. त्यानंतर गुडघ्यांना त्रास द्यायचा नाही, घरी बसूनच देवाचे नाव घ्यायचे. आणि जाता जाता म्हणाल्या, “उपाशी यायचं न उपाशी जायचं, त्याला गाडी कशाला बदलायची?”

त्याच दुपारी मी पाळकसाहेबांच्या नावे अर्ज लिहिला. तीन पाने, समास सोडून. विषय: ‘मंडळीस पौष्टिक उपदेश न मिळत असलेबाबत.’ मोबाइलचा प्रकार पुराव्यादाखल जोडला, वहीचा उतारा जोडला, आणि मावशींचा प्रश्न कोणाचा ते न सांगता मुद्दा क्रमांक चार म्हणून घातला. खाली सही केली: ‘समस्त भुकेली मंडळी’. टपालाचा शिक्का पौडचा दिसू नये म्हणून मुद्दाम भुकूमला जाऊन पेटीत टाकला. इतका विचार केला, आणि एका ठिकाणी मात्र हाताने दगा दिला. वीस वर्षांच्या सवयीने मी शेवटी लिहिले, ‘प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर’, आणि खरोखरच एक प्रत पुण्यातील त्यांच्या वरिष्ठांकडे रवाना केली. तलाठ्याविरुद्ध अर्ज असला की प्रत तहसीलदाराला, तहसीलदाराविरुद्ध असला की प्रांताला. प्रत वर गेल्याशिवाय अर्ज केल्यासारखे मला वाटतच नाही. पाळक म्हणजे तलाठी नव्हे हे माझ्या ध्यानात आले तेव्हा पोस्टाची पेटी रिकामी झालेली होती.

आठवड्याने पाळकसाहेब माझ्या टेबलाशी आले. चेहरा उतरलेला, हातात लिफाफा. वरून पत्र आले होते: सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा आपली मंडळी दुसऱ्याकडे सोपविण्याचा विचार करावा लागेल.

“भाऊसाहेब,” ते म्हणाले, “मला असलं लिहिता येत नाही. तुम्हीच लिहा.”

धंद्याच्या नीतीप्रमाणे मी दोन्ही पक्षांचे लिहितो. बांधाच्या भांडणात सकाळी थोरल्याचा अर्ज आणि दुपारी धाकट्याचे म्हणणे, असे मी पुष्कळदा केले आहे आणि दोघांनीही मला चहा पाजला आहे. परंतु स्वतःच्याच तक्रारीला स्वतःच उत्तर देण्याचा प्रसंग हा पहिलाच. मी तक्रारीची प्रत हाती घेऊन प्रथमच पाहत असल्याप्रमाणे वाचली.

“तक्रार कशी वाटते?” साहेबांनी विचारले.

“मुद्देसूद आहे,” मी म्हणालो. मोह आवरला नाही म्हणून पुढे जोडले, “भाषेवर मेहनत घेतलेली दिसते.”

“होय, तसा माणूस जाणता असावा,” ते म्हणाले. मी जवळजवळ आभार मानणार होतो.

खुलासा लिहायचा तर कारणे हवीत, म्हणून मी एकेक मुद्दा घेऊन विचारू लागलो. मोबाइल का? ते सांगत गेले. पाच ठिकाणच्या लहान लहान मंडळ्या त्यांच्याकडे आहेत; शनिवारी एक मयत, एक साखरपुडा आणि दोन दाखले; रविवारी पहाटे मोटारसायकलवर बसल्यावर विषय सुचतो, आणि घाटात पाऊस लागला की तोही जातो. मग ते म्हणाले, “भाऊसाहेब, मी बाकावर बसून कुणाचा उपदेश ऐकून नऊ वर्षं झाली. वाढप्यानं जेवावं कधी?”

हे वाक्य खुलाशात घालण्यासारखे नव्हते. मी ते वहीत, वेगळ्या पानावर लिहिले.

मग मुद्दा क्रमांक चार आला. मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात वाचला: तोंडाने क्षमा केली परंतु मनातून जात नाही, अशा परिस्थितीत ती क्षमा ग्राह्य धरावी किंवा कसे. साहेबांनी कचेरीच्या उघड्या फाटकाकडे पाहिले.

“माझ्या थोरल्या भावाला मी तीनदा माफ केलंय,” ते म्हणाले. “तिन्ही वेळा व्यासपीठावरून. घरी पोहोचेपर्यंत राग परत होता तसा.”

तेवढ्यात एक गृहस्थ उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आले. मागचा दाखला चालत नाही का, म्हणून कुरकुर करू लागले. मी त्यांना नेहमीचे सांगितले: मागचा खोटा नव्हता, त्याची मुदत संपली, गरज पडेल तेव्हा नवा काढायचा, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ते गेल्यावर पाहतो तो पाळकसाहेब माझ्या तोंडाकडे बघत होते. पुढे वाकून. मावशी बसतात तसे. खुलाशाचे आणखी काही सांगायचे राहिले का, असे विचारले तर नाही म्हणाले, आणि सही करून उठले.

महिन्याचा पहिला रविवार उजाडला. मावशी आल्या, आपल्या जागी बसल्या, पिशवी मांडीवर ठेवली. सूचना झाल्या नाहीत. चपला पडल्या होत्या तशा पडल्या. साहेबांनी मोबाइल खिशातून काढला आणि पहिल्या बाकावर उपडा ठेवला. ते बारा मिनिटे बोलले. माझ्या वहीत नोंद आहे. भावाची गोष्ट त्यांनी स्वतःच्या नावावर सांगितली, कोणा एका मनुष्याची म्हणून नाही. म्हणाले, “आपल्याला वाटतं माफी एकदा दिली की प्रकरण निकाली. तसं नसतं. ती दाखल्यासारखी असते. कालची खोटी नव्हती, तिची मुदत संपली. आज परत काढा. आज निघत नसेल तर निघत नाही एवढंच देवापुढे जाऊन सांगा. फाटक उघडंच आहे. आणि भाकर खाऊन जा, कारण उपाशी माणसाला रांगेत उभं राहवत नाही.”

कोणी आमेन म्हणाले नाही. डोळे मिटलेला कोणी दिसला नाही.

ताट फिरू लागले. ते मावशींच्या हाती आले तेव्हा मी प्रार्थनेत असणे आवश्यक होते, मी नव्हतो. त्यांनी ताट धरून ठेवले. शेजारच्या बाईंनी हात पुढे केला तरी दिले नाही. मग तुकडा उचलला, तोंडात टाकला, आणि सावकाश, दात नसल्याने बराच वेळ चघळीत राहिल्या.

उपासना सुटल्यावर मी त्यांना रिह्याच्या बाजूच्या थांब्याकडे पोहोचवायला निघालो, तर त्या रस्ता ओलांडून समोर माल्याकडच्या जीपमध्ये जाऊन बसल्या. मी पुढच्या रविवारी विचारले.

“गेलते,” त्या म्हणाल्या. “तिनं चा टाकला, साखर लई घातली. ल्हानपनापासनं तशीच हाय ती. घरी आले, दोन दिस बरं ग्येलं. मंगळवारी परत आलं मनात. मंग परत काढला तुजा दाखला.” आणि मग माझ्या हातातल्या वहीकडे पाहत, “आता फुडचं काय सांगनार हाय त्यो?”

पुढचे साहेबांनी मेंढरू सांगितले. तेही पूर्ण सापडले नाही. एका मयतीचा निरोप आल्याने अर्ध्यावर निघून गेले. जाताना दारात माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाले, “भाऊसाहेब, तक्रारीत ‘सबब’ सहा वेळा आलंय. खुलाशात सात. पुढच्या वेळी भुकूमपर्यंत जायचा त्रास घेऊ नका, हातातच द्या.”

सबब, वरिष्ठांच्या नावचा हा अर्ज पाळकसाहेबांच्या हातातच देत आहे. विनंती अशी की, खुलासा दाखल होऊन तीन महिने झाले, वरिष्ठांकडून अद्याप पोच नाही. मूळ तक्रार अर्जदार बिनशर्त मागे घेत आहे व तिच्या जागी हा अर्ज दाखल करून घ्यावा. पाळकसाहेबांना महिन्यातून किमान एक रविवार रजा नव्हे, बाक द्यावा. त्या दिवशी कोणी जाणत्या माणसाने येऊन त्यांना वाढावे, आम्ही शेजारी बसून खाऊ. रिह्याच्या मावशींचा पुढील प्रश्न तयार आहे व गुडघे अधिक काळ थांबतील असे दिसत नाही, हे ध्यानी घेऊन प्रकरण तातडीचे समजावे. आजवर मी प्रत्येक अर्जाखाली उत्तर लेखी मिळावे असे लिहीत आलो. या एका प्रकरणी ते तोंडी मिळाले तरी चालेल. मात्र व्यासपीठावरून मिळावे, आणि आम्ही जागे असताना.

आपला विश्वासू,
अर्जदार, व यापुढे विरुद्ध पक्षही