अर्ध्या सनदेची वकील

साहेबांनी माझा निकाल स्वतःच्या मोबाईलवर काढला. लातूरच्या त्यांच्या वकिलीच्या ऑफिसात तेव्हा पक्षकार बसलेले होते. रेणापूर तालुक्यातल्या एका गावचे. इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातले. त्यात तिथल्या शाळा समितीचा अध्यक्ष होता. साहेब म्हणाले, "नंबर सांग." मी सांगितला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल डोळ्याजवळ धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नापास."

मग पक्षकारांकडं वळून बोलले.

"पुस्तक समोर उघडं ठेवून द्यायची परीक्षा आहे ही. तीत नापास. आणि यांना पास व्हायला मार्कंसुद्धा कमी लागतात बरं का."

तेव्हा सगळे हसले. अध्यक्ष सगळ्यात जास्त.

"असू दे. खाली जा, चहा घेऊन ये."

मी गेले. किटली आणि कप घेऊन मीच वर आले. नुकतीच कोर्टातून आले होते. अंगात काळा कोट, गळ्याला पांढरा बँड. त्याच कोटात मी चहा ओतला. सगळ्यांनी घेतला. अध्यक्षानं कपाला हात लावला न्हाई. मी रेणापूरची, हे त्याला माहीत होतं. कुठल्या वस्तीतली, तेही. त्याचा चहा त्याच्यासमोर गार झाला. मीच तो परत नेला.

वकिलीची पदवी घेतली की सनद मिळते, पण कच्ची. ठरलेल्या मुदतीत बार कौन्सिलची परीक्षा पास व्हावी लागते. न्हाई झालं तर कोर्टात उभं राहता येत न्हाई. माझी मुदत संपत आली होती. साहेबांच्या ऑफिसात मी तारखा घ्यायची, नकला आणायची. बाबा लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. ते सगळ्यांना सांगायचे, माझी लेक वकील हाय.

पुस्तक उघडं असतं हे खरं. पण कुठलं पान उघडायचं, हे तर माहीत पाहिजे. कॉलेजात आम्ही जुने कायदे शिकलो. परीक्षेला बसायच्या वेळेला फौजदारी कायदे बदलले, कलमांचे आकडे बदलले. मी मराठीतला पेपर मागितला होता. त्यातली मराठी आमच्या घरात कुणी कधी बोललेलं न्हाई. एकेक प्रश्न दोनदा-तीनदा वाचायचा, तेव्हा कळायचं काय विचारलंय. तेवढ्यात घंटा.

नापास झाल्यावर वाचायला बसले की "नापास" हा साहेबांचा आवाजच कानात यायचा. पान उलटायचं न्हाई. आई विचारायची, "चालू हाय का अभ्यास?" मी हो म्हणून मान हलवायची.

मुदत संपली. साहेब म्हणाले, "आता कोट घालू नकोस. बाकी काम कर." मी केलं.

मग एक दिवस त्यांनी मला जवळ बसवलं. आवाज एकदम मऊ. म्हणाले, "अध्यक्षाच्या केसमधली फिर्यादी बाई तुमच्यातलीच आहे. जाऊन भेट. साक्षीच्या दिवशी 'आठवत नाही' म्हणायचं, एवढंच. तुझं ती ऐकेल."

ती बाई म्हणजे छायाआक्का. शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. 'हिच्या हातची खिचडी आमची पोरं खाणार न्हाईत' म्हणत अध्यक्षानं शिजतं पातेलं लाथेनं पाडलं. सगळं त्यांच्या पायावर सांडलं. जातीवरून शिव्या त्यानं आणि त्याच्याबरोबरच्यांनी दिल्या त्या वेगळ्याच. आक्कांनी ठाण्यात जाऊन ॲट्रॉसिटीची फिर्याद दिली. गावात तोवर असं कुणी केलेलं नव्हतं.

मी न्हाई म्हणायला पाहिजे होतं. एसटीत बसले आणि गेले.

मी रेणापूरची, लातूरच्या कोर्टात काम करते, म्हटल्यावर आक्कांनी जय भीम केला. बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं. त्या चालताना एक पाय ओढायच्या. म्हणाल्या, "वकीलबाई, लई बरं झालं तुम्ही आलात. आपल्यातलं कुणी वकील हाय, हेच आमाला ठाव नव्हतं. आमच्याकडून उभ्या राहताल का? सरकारी वकील तर माझ्याकडं बघत बी न्हाई."

त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठी आले.

मी म्हणाले, "आक्का, मी अध्यक्षाच्या वकिलाच्या ऑफिसातून आलेय."

त्यांनी विचारलं, "काय सांगायला लावलंय?"

"काही न्हाई," मी म्हणाले आणि उठले. त्या दारापर्यंत आल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लातूरला येऊन साहेबांना म्हणाले, "मी तिला सांगितलं न्हाई. सांगणार बी न्हाई."

साहेब चिडले न्हाईत. म्हणाले, "तू नाही सांगितलंस तर दुसरं कुणी सांगेल. आणि तू काय करणार? तुला उभं तरी राहता येतं का कोर्टात?"

खरं होतं ते. मी ऑफिसची चावी टेबलावर ठेवली आणि जिना उतरले. शूर वगैरे काही वाटलं न्हाई. बाबांना काय सांगू, एवढंच डोक्यात.

मोठी बहीण नांदेडला नर्स आहे. तिच्याकडं गेले. तिथल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत बसायला लागले. तिथली पोरं अभ्यासाचा कंटाळा आला की मोबाईलवर जोश चढवणारी भाषणं ऐकतात. मी पण ऐकली. जिद्द, स्वप्न, यश. ऐकेपर्यंत बरं वाटतं. पुस्तक उघडलं की पुन्हा तेच. मी दुसऱ्यांदा परीक्षा दिली. दुसऱ्यांदा नापास झाले. या वेळी निकाल माझा मीच बघितला.

आक्कांच्या साक्षीला मी लातूरला गेले. साध्या सलवार-कमीजात, मागच्या बाकावर बसले. साहेबांनी उलटतपास घेतला.

"पातेलं तुमच्याच हातून सांडलं, खरं आहे का?"

"खोटं हाय."

"पैसे उकळायला तुम्ही ही खोटी केस केली?"

"खोटं हाय."

मग चारचौघांत बोलू नये असं त्यांनी आक्कांच्या चालचलणुकीबद्दल विचारलं. केसशी त्याचा काही संबंध नव्हता. असा प्रश्न विचारता येत न्हाई, हे मला माहीत होतं. पुराव्याच्या कायद्याचाच अभ्यास मी करत होते. सरकारी वकील कागद चाळत होता. आक्कांनी वळून मागं बघितलं. माझ्याकडं. मी ओढणीचं टोक मुठीत धरून बसून राहिले. जागेवरून उठायचा मला हक्क नव्हता.

आक्का आपल्या साक्षीवरून फिरल्या न्हाईत. साक्षीदार होत्या त्या शाळेतल्या बाई फिरल्या. दुसरी स्वयंपाकीण फिरली. दोघींनी एकाच सुरात सांगितलं, "आठवत नाही." निरोप पोचवायला साहेबांना माणूस मिळाला होता.

अध्यक्ष आणि त्याची माणसं, सगळे सुटले. कोर्टाच्या आवारात त्यांना हार घातले, फोटो काढले.

झाडाखाली आक्का मला म्हणाल्या, "आता फुडं?"

"वर अपील करता येतं."

"तवर तुम्ही पास होताल?"

"माहीत न्हाई, आक्का."

त्या पाय ओढत एसटी स्टँडकडं गेल्या.

मी तिसऱ्यांदा फॉर्म भरलाय. रोज अभ्यासिकेत जाते. लई दिवस असे जातात की डोक्यात काही शिरत न्हाई. तरी उठत न्हाई. साहेब अजून त्याच कोर्टात आमच्या बायांना तसलेच प्रश्न विचारतात आणि समोरून कुणी उठत न्हाई. तिथं उठून "हरकत आहे" म्हणणारी बाई मी होणार. कितव्या खेपेला, ते मला माहीत न्हाई. होणार.